पोस्टाचं सॉफ्टवेअर नवं, गावातल्या शाखेचं काय?

देशात सुमारे १.६४ लाख पोस्ट ऑफिसं आहेत. त्यातली जवळपास ९० टक्के ग्रामीण भागात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये हे सगळं जाळं ‘एपीटी’ या नव्या प्रणालीवर आलं.

काय बदललं?
• काउंटरवर क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देता येतात.
• ओटीपी सांगून टपाल ताब्यात घेता येतं.
• २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं.

काय बदललं नाही?
गावातल्या शाखा डाकघरासाठी जागा बहुतेक ठिकाणी ग्रामीण डाक सेवकालाच द्यावी लागते. कामाचे तास कागदावर चार-पाच आणि नियमित सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जाही नाही. पैसे काढणं, सुकन्या समृद्धीचा हप्ता, टपाल वाटप हे सगळं मात्र त्याच्याच हातातल्या मशिनवर चालतं.

म्हणूनच प्रश्न सॉफ्टवेअरपुरता नाही. रेंज गेली की शाखा ठप्प होते आणि पेन्शनसाठी आलेल्या आजींना रिकाम्या हाती परतावं लागतं. शहरातल्या ग्राहकाकडे दुसरं ॲप असतं, आजींकडे तेवढी एकच खिडकी. सरकारने आता खर्च करायचा तो तिथे: खात्रीचं नेटवर्क, विजेचा बॅकअप, शाखेसाठी जागा आणि ती चालवणाऱ्याला पूर्ण मोबदला.