व्यावसायिकांना गृहीत धरणारी कंपनी
अ‍ॅपलने २०१३ मध्ये काळ्या नळकांड्यासारखा मॅक प्रो आणला आणि चित्रपट संपादक, संगीतकार, अ‍ॅनिमेशनवाले यांची सर्वांत मोठी सोय काढून घेतली: पेटी उघडून हवे ते कार्ड बसवण्याची. आत खास घडणीची दोन ग्राफिक्स कार्डे आणि साऱ्या यंत्राची उष्णता बाहेर टाकायला एकच पंखा. पुढे एकाच ताकदवान कार्डाकडे सगळ्यांचा कल गेला, तेव्हा हे यंत्र सुधारताच येईना. तरी कंपनी वर्षानुवर्षे तेच विकत राहिली. एप्रिल २०१७ मध्ये मोजक्या पत्रकारांना बोलावून तिने चूक कबूल केली. नवे यंत्र मात्र २०१९ च्या अखेरीस आले, किंमत ५,९९९ डॉलरपासून पुढे. त्यात दीड टेराबाइटपर्यंत मेमरी बसे. २०२३ च्या मॉडेलमध्ये ती मर्यादा १९२ गिगाबाइटवर आली, मेमरी नंतर वाढवण्याची सोय गेली आणि वेगळे ग्राफिक्स कार्डही चालेनासे झाले. कंपनीचा गुप्ततेचा सोस मला यात सर्वांत घातक वाटतो. ज्यांची रोजीरोटी यंत्रावर आहे, त्यांना पुढच्या चार-पाच वर्षांचा हिशेब आधी मांडावा लागतो. त्यांना अंधारात ठेवणे हा सरळ अन्याय आहे.