दहा मिनिटांचे समुद्रदर्शन

यात्रा कंपन्यांच्या घड्याळावर मी फार वेळा घसरतो, असा आक्षेप मागल्या लेखानंतर काही वाचकांनी नोंदविला आहे, तो शिरसावंद्य मानूनही, रामेश्वराच्या वाटेवर पांबनच्या रस्तापुलावर आमच्या व्यवस्थापकाने ‘दहा मिनिटे, फोटो काढा आणि बसा’ असे जे फर्मान परवा सोडले, त्याची दखल न घेणे मला साधणार नाही. मागे खोळंबलेल्या गाड्यांच्या भोंग्यांत मंडळी कठड्याला टेकली आणि समुद्राकडे पाठ करून त्यांनी समुद्रदर्शन घेतले.

१९८८ साली खुला झालेला हा पूल मधोमध उंच असल्याने जहाजाला वाट देण्याची तसदी त्याला पडत नाही, आणि त्याच उंचीमुळे, कोणत्याही खात्याच्या मंजुरीवाचून, तो खालच्या दोन रेल्वेपुलांचा उत्तम सज्जा होऊन बसला आहे. पैकी जुना पूल १९१४ चा. जहाज आले म्हणजे त्याच्या मधल्या गाळ्याच्या दोन्ही पाती कामगार दांडे फिरवून, निव्वळ मनगटाच्या जोरावर, हळूहळू उभ्या करीत. १९६४ च्या डिसेंबरात ज्या वादळाने उतारूंसह आगगाडी गिळली आणि पुलाचे बहुतेक गाळे वाहून नेले, त्यालाही हा मधला गाळा पुरून उरला, आणि ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा राहिला. (आमच्या गावच्या मोरीची फाईल एवढ्या अवधीत एका मेजावरून दुसऱ्या मेजावर गेली, तरी आम्ही पेढे वाटू.)

एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलाचा ७२.५ मीटरांचा गाळा दोन मनोऱ्यांच्या मधून आडवाच्या आडवा १७ मीटर वर चढतो, आणि विजेच्या मोटारी ते काम काही मिनिटांत उरकतात. जुन्या पुलापाशी कोण कोणासाठी खोळंबला आहे हे उघड्या डोळ्यांना दिसे: पाण्यात होड्या, रुळांवर गाडी, आणि या दोहोंमध्ये दांड्याला जुंपलेली घामाघूम माणसे. नव्या गाळ्याचे चढणे भव्य खरे, परंतु त्यात माणूस कोठे दिसत नाही. माझा कल जुन्याकडे आहे. अर्थात तो कठड्याशी उभ्या असलेल्या रिकामटेकड्याचा कल होय. ज्यांनी ते दांडे फिरविले, ते मोटारीच्याच बाजूने कौल देतील.

मात्र जुना असो वा नवा, हा देखावा प्रतीक्षेवाचून पदरात पडत नाही. गाळा केव्हा उचलला जाईल, असे मी व्यवस्थापकास विचारले. त्याला ठाऊक नव्हते. रामेश्वरात जेवणाची पंगत कितीला बसते, हे मात्र त्याने मिनिटासुद्धा सांगितले.

आता एखाद्या अंमलदारास येथे रंगीत अक्षरांचा सेल्फी पॉइंट उभारण्याची सुबुद्धी होण्यापूर्वीच माझी तजवीज नोंदवून ठेवतो: पुलाच्या अलीकडे गाड्यांना जागा द्यावी, आणि तेथे एका साध्या फळ्यावर आज गाळा किती वाजता उचलला जाणार, एवढेच खडूने लिहावे.

— तटस्थ