काकूंच्या कोंबड्यांचं छप्पर

खानापूरच्या काकूंच्या बारा कोंबड्यांपैकी पाच तलंगा गेल्या जुलैत आठवड्याभरात गेल्या. पशुवैद्य आले, विष्ठा पाहिली आणि म्हणाले, रक्ती हगवण. या रोगाचे जंतू कोंबडीच्या पोटातून बाहेर पडतात आणि ओल्या, उबदार जमिनीत तयार होऊन पुन्हा चोचीवाटे पोटात जातात. औषध मिळतं, पण जमीन ओलीच राहिली तर पुन्हा तेच. काकूंच्या अंड्यांचा पैसा हा फक्त त्यांचा पैसा आहे. तो कुणाला मागावा लागत नाही, त्याचा हिशेबही कुणाला द्यावा लागत नाही. म्हणून या मे महिन्यात मी आणि बेंगळुरूहून रजा काढून आलेला पुतण्या, दोघांनी त्यांच्या परसात जाळीच्या आवाराला छप्पर घातलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. रात्री कोंबड्या कोंडतात ते खुराडं वेगळं. हे दिवसा फिरायचं आवार, दहा फूट रुंद, बारा फूट लांब, चारी बाजूंनी अर्ध्या इंची जाळी. आत माणूस ताठ उभा राहिला पाहिजे, कारण गुडघ्यांवर रांगत कुणी रोज सफाई करत नाही. काकूंची अट एकच होती. "छप्पर करा, पण तुरुंग करू नका माझ्या कोंबड्यांचा." ही अट मला तेव्हा भावनेची वाटली. काम करताना कळलं की सगळं शास्त्र त्यातच आहे.

वरून पडणारं पाणी अडवणं सोपं असतं, कुठलाही पत्रा ते करतो. चारी बाजू उघड्या असलेल्या छपराचे खरे वैरी दोन. एक, खालून शिरणारा वारा. दुसरं, पत्र्यावरून उतरून कोंबड्यांच्याच पायाशी येणारं पाणी.

वाऱ्याचं आधी. बंद घरात वारा भिंतीला धडकतो. जाळीतून तो सरळ आत येतो आणि पत्र्याला खालून वर ढकलतो. वळवाच्या पावसात पत्रे उडालेले आपण सगळ्यांनी पाहिलेत, ते बहुतेक असेच उडतात. आमचं सगळं छप्पर पत्र्यासकट ऐंशी किलोच्या आसपास भरतं. ते जागेवर राहतं ते खालच्या काँक्रीटमुळे. सहा खांब, प्रत्येकाला फूटभर चौरस आणि दोन फूट खोल खड्डा. एका खड्ड्यात साधारण १३५ किलो काँक्रीट जातं, म्हणजे सहांत मिळून आठशे किलो. पुतण्याने हा हिशेब मोबाइलवर करून दाखवला तेव्हा काकू म्हणाल्या, "म्हणजे कोंबड्यांपेक्षा खांबच जास्त खातात की!" काँक्रीटचा माथा जमिनीच्या थोडा वर आणि उतरता ठेवला. नाहीतर पाणी खांबाच्या बुंध्याशी साचतं आणि पाइप तिथेच गंजून तुटतो.

उताराच्या दिशेवरून फॅब्रिकेटरशी अर्धा तास वाद झाला. दार घराच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला होतं. म्हणून त्याला उंच बाजू तिकडे हवी होती. सगळे असंच करतात, हे त्याचं म्हणणं. पण आपल्याकडे पावसाळ्यातला वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. उंच तोंड तिकडे केलं की तिरका पाऊस निम्म्या आवारापर्यंत जातो. आम्ही पूर्वेला आठ फूट आणि पश्चिमेला सहा फूट उंची ठेवली. दहा फुटांत दोन फूट उतार, पत्र्याला भरपूर. दार हलवून दक्षिणेच्या बाजूला घेतलं. चारी बाजूंना दीड दीड फूट पत्रा बाहेर काढला. पश्चिमेचा कडा त्यामुळे थोडा आणखी खाली आला आहे आणि पुतण्याच्या कपाळाला त्याची ओळख झाली आहे.

पत्रे साडेतेरा फुटी, एकसंध मागवले. मधे जोड नको, कारण जोडाशी पाणी उलटं चढतं. बाजूचे पत्रे एकमेकांवर चढवताना उत्तरेकडून सुरुवात केली आणि दक्षिणेकडे येत गेलो. त्यामुळे वरच्या पत्र्याची मोकळी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. स्क्रू रबरी वॉशरचे. ते पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, पाणी वाहतं त्या खोलगट भागात नाही. वॉशर चपटा होईपर्यंतच आवळायचे. जोर दाखवला की रबर फाटतं आणि गळती तिथूनच सुरू होते. कडेला स्क्रू जवळजवळ घेतले, कारण वारा सगळ्यात जास्त ओढतो तो कडेलाच. ड्रिल करताना लोखंडाचा जो चुरा पडतो, तो पत्र्यावरून झाडून टाका, नाहीतर महिन्यात गंजाचे ठिपके उठतात. खाली पडलेला मात्र लोहचुंबक फिरवून वेचा. कोंबडी चमकणारं काहीही टिपते आणि स्क्रूचं टोक तिच्या पोटात गेलं तर छपराचा काय उपयोग?

आता पाणी. कडेसकट आमचं छप्पर तेरा बाय पंधरा फूट आहे. त्यावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे ४६० लिटर पाणी होतं. खानापूर-जांबोटीच्या बाजूला एका दिवसात पाच इंच पाऊस ही बातमी नसते. म्हणजे तेवीसशे लिटर, आणि तेही एकाच कडेवरून, सगळं पश्चिमेला. हे पाणी जमिनीवर पडू दिलं तर ते मुरून जाळीखालून आत येतं आणि कोरड्या छपराखाली चिखल होतो. म्हणून पन्हळ, पन्हळीतून पिंप, आणि पिंप भरलं की चरातून केळीच्या बुंध्यांकडे. आवाराची जमीनसुद्धा मुरूम टाकून परसापेक्षा सहा इंच उंच केली, कडेने दगड लावले. वर चार-पाच बोटं भाताचा तूस. ओला गोळा दिसला की त्याच दिवशी काढायचा.

तिरक्या पावसासाठी पश्चिमेला खालचे अडीच फूट पत्र्याने बंद केले आणि त्यावर हिरवं शेडनेट ताणलं. पुतण्याचं मत होतं की चारी बाजूंना ताडपत्रीच ओढावी, एकदाची कटकट मिटेल. इथे काकूंची अट कामाला आली. विष्ठेतून अमोनिया सुटतो. हवा कोंडली की तो जमिनीलगत राहतो, नेमका कोंबडीच्या नाकाशी. परीक्षा सोपी आहे. आत उकिडवं बसा. तुमचे डोळे चुरचुरले तर कोंबड्या तिथे दिवसभर तेच सोसत आहेत. ताडपत्री फक्त दक्षिणेला, गुंडाळता येईल अशी, वर फूटभर फट सोडून. पूर्व बाजू बारा महिने उघडी.

कौलं का नाहीत, असं विचाराल. खानापूरची माती मडक्यांना आणि कौलांना प्रसिद्ध, तिथे पत्रा घालायचा म्हणजे जिवावर येतं. पण मंगळुरी कौलांना याहून बराच जास्त उतार लागतो, त्यांचं वजन पेलायला सांगाडा भक्कम लागतो आणि वानरांची एक टोळी गेली की अर्धी फुटतात. सिमेंटचे जुने पत्रे कुणी फुकट दिले तरी घेऊ नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक आहे. पत्र्याचा खरा दोष उन्हाळ्यात दिसतो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. त्यासाठी होळीनंतर वर चुन्याचा हात द्यायचा आणि नारळाच्या झावळ्या बांधायच्या. जूनच्या आधी झावळ्या काढायच्या, नाहीतर त्या कुजून पन्हळ तुंबते.

जुलै संपत आला आहे. तूस हातात घेतला तर भुरभुरतो. काकूंनी आत एक पाट नेऊन ठेवलाय आणि पाऊस पडत असताना तिथेच बसून वाल सोलतात. पाऊस जोरात आला की पत्र्यावर ताशा वाजतो. पहिले चार दिवस कोंबड्या खुराड्यात पळायच्या, आता मान वर करून बघतात आणि टिपायला लागतात. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला स्क्रू तपासायचे, अशी आठवण पुतण्याने काकूंच्या फोनवर लावून दिली आहे. काकूंनी ती दुसऱ्याच दिवशी बंद केली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अक्षय्य तृतीया त्यांना फोनने सांगायची गरज नाही.

पुढच्या महिन्यात उंदरांविषयी. अर्ध्या इंचाच्या जाळीतूनही लहान पिल्लं आत येतात, आणि खाद्याचा डबा त्यांनी शोधून काढला आहे.