"म्हणजे?" : यादीबाहेरचा प्रश्न



मागच्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात आम्ही 'मुलाखत घेऊया' हा उपक्रम घेतला. गावातले एक निवृत्त जवान पाहुणे म्हणून आले होते. दहा प्रश्न मीच फळ्यावर लिहून दिले, मुलांनी ते वहीत उतरवून पाठ केले. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना आजोबा म्हणाले, "त्या रात्री मी खरंच घाबरलो होतो." पुढच्या मुलीने लगेच विचारलं, "तुमचा आवडता छंद कोणता?" मागून एक मुलगा म्हणाला, "आजोबा, घाबरलात म्हणजे? काय झालं होतं?" आणि मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. का? तर तो प्रश्न यादीत नव्हता!

दिवाळीच्या सुट्टीत 'फ्रॉस्ट/निक्सन' हा २००८ सालचा इंग्रजी चित्रपट बघितला आणि तो मुलगा पुन्हा डोळ्यांसमोर आला.

गोष्ट खरी घडलेली आहे. वॉटरगेट प्रकरणामुळे अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला. महिन्याभरात नव्या अध्यक्षांनी त्यांना माफी देऊन टाकली. म्हणजे खटला नाही, उलटतपासणी नाही. मग १९७७ मध्ये डेव्हिड फ्रॉस्ट या ब्रिटिश मुलाखतकाराने त्यांना टीव्हीसमोर बसवलं. त्यासाठी ६ लाख डॉलर मोजायचं ठरलं होतं. फ्रॉस्ट म्हणजे हलकेफुलके कार्यक्रम करणारा माणूस, याला काय जमणार, असं अनेकांना वाटत होतं. जवळजवळ २९ तासांचं चित्रीकरण झालं आणि पहिला भाग सुमारे साडेचार कोटी लोकांनी पाहिला.

चित्रपटात सुरुवातीला फ्रॉस्ट प्रश्न विचारतो आणि निक्सन लांबच लांब उत्तरं देऊन वेळ खाऊन टाकतात. आपल्या वर्गात पाहुणे बोलत सुटतात ना, तसंच! शेवटच्या टप्प्यात मात्र फ्रॉस्ट कागदपत्रं नीट वाचून येतो, उत्तर कान देऊन ऐकतो आणि तिथेच थांबून पुढचं विचारतो.

त्या मुलाखतीतलं सगळ्यात गाजलेलं वाक्य बघा. अध्यक्षाने एखादी गोष्ट केली, तर ती बेकायदेशीर ठरतच नाही, अशा अर्थाचं निक्सन बोलून गेले. हे कोणत्या प्रश्नावर आलं? फ्रॉस्टने त्यांचंच बोलणं त्यांच्यासमोर ठेवलं होतं. म्हणजे देशहितासाठी अध्यक्ष बेकायदेशीर गोष्टही करू शकतो, असं तुमचं म्हणणं आहे का, असा त्या प्रश्नाचा रोख होता. असा प्रश्न आधी लिहून ठेवता येत नाही. समोरच्याचं ऐकलं तरच तो सुचतो.

माझ्या वर्गातल्या त्या पोराचा प्रश्न याच जातीचा होता. "म्हणजे?"

इथे एक सावधगिरी हवी. चित्रपट म्हणजे इतिहासाचं पुस्तक नव्हे. निक्सन रात्री दारूच्या नशेत फ्रॉस्टला फोन करतात, तो प्रसंग लेखकाने रचलेला आहे. वरचं गाजलेलं वाक्यही खऱ्या मुलाखतीत वॉटरगेटच्या नव्हे, तर वेगळ्या भागात आलं होतं. चित्रपटात त्याची जागा बदलली आहे. त्यामुळे चित्रपटालाही आपण विचारायलाच हवं, "हे खरंच असं झालं होतं का?" मूळ मुलाखतीचं चित्रीकरण उपलब्ध आहे, ते शेजारी ठेवून बघा. हा चित्रपट प्राथमिकच्या मुलांसाठी नाही, आपण मोठ्यांनी बघायचा आहे.

काही जण म्हणतील, "बाई, लहान मुलांना प्रश्न लिहून दिले नाहीत तर ती गोंधळतात." बरोबर आहे. तयारी लागतेच, फ्रॉस्टलाही लागली. पण तयारी म्हणजे पाठांतर नव्हे. पाहुणे येण्याआधी त्यांच्या कामाबद्दल मुलांना माहिती काढू द्या. प्रश्न दहाऐवजी पाचच लिहा आणि प्रत्येक प्रश्नाखाली एक ओळ कोरी सोडा : 'उत्तर ऐकून मला सुचलेला प्रश्न'. यंदा मी हेच केलं. पोस्टमनकाकांची मुलाखत रेंगाळली, दोन प्रश्न राहूनच गेले, पण मुलं ऐकत होती.

पालकहो, घरी मूल दुसऱ्यांदा "म्हणजे?" म्हणालं की आपण पटकन म्हणतो, "जास्त शहाणपणा करू नकोस." उद्या हीच मुलं मतदार होणार आहेत. मोठ्या खुर्चीतल्या माणसाला "म्हणजे काय?" असं विचारायची सवय त्यांना कुठे लागणार? ती आपल्याच घरात आणि आपल्याच वर्गात लागायला हवी.

त्या मुलाला मी नंतर जवळ बोलावून सांगितलं, "त्या दिवशी तुझा प्रश्न सगळ्यात चांगला होता, बाईच चुकल्या." तो लगेच म्हणाला, "मग आजोबांना परत बोलवूया ना!"

बोलावणार आहे.