दिवाळीचा बाजार शहरात भरतो. सुरू मात्र माणदेशात होतो

१/ दिवाळी जवळ आली की समाजमाध्यमांवर एक ठरावीक इतिहास फिरू लागतो. तुळशीबाग, भुलेश्वर, क्रॉफर्ड मार्केट, झवेरी बाजार यांची जुनी छायाचित्रे आणि त्याखाली एक निष्कर्ष : सणाचा बाजार ही महानगराची निर्मिती आहे, खेडी केवळ गिऱ्हाईक म्हणून तेथे येतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे. सांगली जिल्ह्यातील आटपाडी हा एकच तालुका पाहिला तरी ते ध्यानात येते.

२/ शहरांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तुळशीबागेतील राममंदिर नारो अप्पाजी खिरे यांनी अठराव्या शतकात उभारले आणि त्याच्या भोवती बाजार वाढला. क्रॉफर्ड मार्केट १८६९ मधले, पुण्याची मंडई १८८६ मधली. परंतु ही छपरांची जन्मसाले आहेत, व्यापाराची नव्हेत. मराठा काळात नवी पेठ वसवताना व्यापाऱ्यांना करात सूट देणारा कौल द्यावा लागे आणि पेठेची व्यवस्था शेटे-महाजनांकडे असे. पेठ आज्ञेने वसवता येते. माल आज्ञेने पिकत नाही.

३/ मग दिवाळीलाच बाजार का तेजीत येतो? उत्तर पंचांगाइतकेच पावसातही आहे. चातुर्मासात नद्यांना उतार नसे, वाटा चिखलात बुडत, बैलांचे तांडे थांबत. कार्तिकात वाटा मोकळ्या होत, खरीप घरात आलेले असे आणि हाती पैसा खेळू लागे. म्हणूनच पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. राजस्थानातील पुष्करचा आणि बिहारमधील सोनपूरचा प्रसिद्ध मेळाही कार्तिक पौर्णिमेशीच जोडलेला आहे. दिवाळीचा नागरी बाजार हा या मोठ्या हंगामाचा केवळ दिवे लावलेला भाग होय.

४/ आटपाडीत हाच हंगाम उत्तरेश्वराच्या कार्तिक यात्रेत दिसतो. या यात्रेचे वैभव म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा बाजार. जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी उंच, बाकदार नाकाची मेंढी येथे मानाने मिरवते. २०२० साली आटपाडीच्या बाजारात अशाच एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी झाली आणि मालकाने दीड कोटी सांगितले, ही बातमी देशभर फिरली.

५/ देशाने ती बातमी गंमत म्हणून वाचली. त्या किमतीमागे मेंढपाळांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची पारख आहे, कोणता नर कोणत्या कळपात सोडावा याचा हिशेब आहे आणि कमी पाण्यात, काटेरी माळावर टिकणारा वाण राखण्याचे ज्ञान आहे, याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. शहरातील सराफाने हिऱ्याचा भाव सांगितला तर तो ‘बाजार’. माणदेशातील धनगराने मेंढ्याचा भाव सांगितला तर तो ‘किस्सा’. इतिहासलेखनातील पक्षपात अशाच शब्दांत लपतो.

६/ लक्ष्मीचेही तसेच. नागरी दिवाळीत लक्ष्मी म्हणजे सोने, चोपडी आणि तिजोरी. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक धनगर वाड्यांवर मात्र दिवाळीत मेंढ्यांच्या लेंड्यांची रास करून तिची पूजा होते. शेताला खत देणारी आणि मेंढपाळाला धान्य मिळवून देणारी ती रास हीच तेथली लक्ष्मी. ‘दिवाळीच्या परंपरा’ सांगणाऱ्या किती लेखांत या पूजेला एक ओळ मिळते?

७/ आता धनत्रयोदशीच्या सोन्याकडे वळावे. मोडीत काढलेला दागिना वितळवून, तेजाबाने शुद्ध करून पुन्हा घडणीयोग्य करण्याचे काम म्हणजे गलाई. खानापूर-आटपाडी भागातील हजारो कुटुंबे या व्यवसायासाठी देशभरच्या शहरांत पांगली आहेत. मुलखातील दुष्काळाने त्यांना भट्टीपुढे बसवले. सराफ बाजारातील झगमगाटाच्या मागच्या गल्लीत, अरुंद खोलीत, नायट्रिक आम्लाची तपकिरी वाफ हुंगत जो माणूस बसतो, तो बहुधा याच मातीतला असतो. खेडे बाजारात केवळ गिऱ्हाईक म्हणून येते, हे विधान त्या भट्टीपुढे उभे राहून करून पाहावे.

८/ बाजारात माल आणणाऱ्याचा हक्क किती, हा प्रश्नही आटपाडीच्या परिसराने फार पूर्वी उभा केला. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. भवानराव पंतप्रतिनिधींच्या या संस्थानाने १९३९ साली ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना स्वीकारली. त्याच काळात मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. तिच्यावरून व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ मधील चित्रपट स्फुरला; त्याची कथा माडगूळकरांची, म्हणजे याच माणदेशातल्या लेखकाची.

९/ चित्रपटातील प्रार्थना सर्वांना पाठ आहे. त्यातील संघर्ष कोठे पेटतो हे मात्र विस्मरणात गेले. कैदी स्वतः पिकवलेली भाजी बाजारात रास्त दराने विकतात, आणि त्यामुळे ज्यांचा नफा बुडतो ते त्यांच्यावर उलटतात. बाजारात पिकवणाऱ्याने थेट उभे राहावे, एवढीच गोष्ट मक्तेदारांना सहन होत नाही. माणदेशाच्या इतिहासातील हा धडा केवळ पडद्यापुरता नाही.

१०/ यावर नेहमीचा आक्षेप येतो : ‘माणदेश मुळात दुष्काळी, शहराने आधार दिला म्हणून ही माणसे जगली.’ पाऊस कमी पडणे हे निसर्गाचे काम खरे. परंतु कृष्णेचे पाणी कुणाला मिळावे आणि कुणाला नाही, हा निर्णय माणसांचा होता. १९९३ मध्ये आटपाडीत पाणी परिषद भरली आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली १३ दुष्काळी तालुक्यांनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली. कराडजवळच्या टेंभू येथून उपसलेले पाणी पुढे या भागात पोहोचले ते या दीर्घ लढ्यानंतर. आटपाडीचे डाळिंब दूरच्या बाजारात दिसते तेव्हा त्यात हा लढाही असतो.

११/ खेड्यातील बाजाराचे सोवळे चित्र रंगवण्याचीही गरज नाही. आटपाडीतच जन्मलेल्या शंकरराव खरातांनी ‘तराळ-अंतराळ’ या आत्मकथनात गावगाड्याची दुसरी बाजू नोंदवली आहे. राबण्याची सक्ती ज्यांच्यावर होती, त्यांना त्याच गावाच्या बाजारात बरोबरीचे स्थान नव्हते. शहराची मक्तेदारी उघडी पाडताना गावाची उतरंड झाकणे हा इतिहास नव्हे, तो दुसरा प्रचार होय.

१२/ म्हणूनच महानगरांत दिवाळीच्या सुमारास भरणाऱ्या ‘ग्रामीण जत्रां’कडे चिकित्सेने पाहिले पाहिजे. तेथे बचत गटांतील स्त्रियांना थेट विक्री मिळते, हे मोलाचेच. परंतु प्रवेशद्वारी रंगवलेली बैलगाडी आणि गवताचे छप्पर यांनी खेडे उभे राहत नाही. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवणारी माणसे एकमेकांची पत जाणून असतात. प्रदर्शनात मात्र गाव सजावट होते, आणि सजावटीला भाव ठरवण्याचा अधिकार नसतो.

१३/ १८८५ च्या सातारा गॅझेटियरसारखे ग्रंथ बाजार आणि यात्रांची दखल घेतात, पण ती राज्यकर्त्याच्या गरजेपुरती. मेंढीची पारख, भट्टीतील कसब, आठवडा बाजारातील बोली यांची नोंद अजून माणसांच्या तोंडी आहे. ती जाणारी माणसे थकत चालली आहेत. इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणांनी या दिवाळीत तुळशीबागेचे आणखी एक छायाचित्र टाकण्याऐवजी आपल्या तालुक्याच्या बाजारात वही घेऊन बसावे : कोण काय विकते, माल कुठून येतो, भाव कोण ठरवतो आणि कुणाला बसायला जागा मिळत नाही. या चार प्रश्नांची उत्तरे लिहिली गेली नाहीत, तर दिवाळीच्या बाजाराचा इतिहास पुढेही गिऱ्हाइकाच्याच नजरेने लिहिला जाईल.