मांजर पाक आहे. पण श्वासाचे काय?

"माहेरी गेली की बरी होते."

हे वाक्य आमच्या घरात वर्षभर बोलले गेले आणि बोलणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आधीच कबूल करतो.

आमचे घर जुन्या नाशकात, दूध बाजारापासून चालत पाच मिनिटांवर. अरुंद गल्ली, लाकडी जिना, वर तीन खोल्या आणि छोटी गॅलरी. घरात आमच्या अम्मी, ज्यांना सगळे दादी म्हणतात, मुलगा, सून आणि चांदनी. चांदनी म्हणजे मांजर. अब्बांचे निधन झाले त्या पावसाळ्यात हे भिजलेले पिल्लू जिन्यात सापडले. दादींनी ते ओढणीत गुंडाळून वर आणले आणि पुढची आठ वर्षे ते त्यांच्या पायथ्याशी झोपले. त्या रिकाम्या दिवसांत दादींना पुन्हा बोलते केले ते या मांजराने. म्हणून चांदनीविरुद्ध घरात ब्र काढायची कुणाची हिंमत नव्हती.

सून मालेगावची. यंत्रमागांच्या खडखडाटात आणि कापसाच्या उडत्या तंतूंत वाढलेली. तिथे तिला साधी सर्दीही टिकत नसे, असे तिची आई सांगते. लग्नानंतर दोन-अडीच महिन्यांत इथे सकाळी उठल्याबरोबर दहा-बारा शिंका, डोळ्यांना खाज, नाक चोंदलेले. आम्ही म्हणालो, नाशिकची हवा थंड, सवय होईल. काढा झाला, वाफ झाली, सुंठ आणि मध झाले. ती आठ दिवस मालेगावी गेली की साफ बरी. परत आली की तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग शेजारपाजारच्या बायकांनी अर्थ काढला की मुलीचे मन सासरी लागत नाही. आम्ही तो अर्थ खोडला नाही. सून काही बोलली नाही. नवी सून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या लाडक्या मांजराविषयी काय बोलणार?

खरा प्रकार उघडा पडला तो नमाजच्या वेळी. एका संध्याकाळी मगरिबला ती आणि दादी शेजारी उभ्या होत्या. पहिल्या सजद्यातून ती उठली ती शिंकतच. पुढच्या रकातीत श्वास घेता येईना म्हणून नमाज सोडून गॅलरीत गेली. सलाम फेरल्यावर दादी स्वतःशीच म्हणाल्या, "त्या जानमाजवर तर दुपारभर चांदनी झोपली होती."

पाक असणे आणि सोसणे

मांजराचा संशय आला तेव्हा आमच्या तोंडून पहिली निघाली ती हदीस. मांजर नापाक नाही, ते आपल्या घरात वावरणाऱ्यांपैकी आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे हजरत अबू कतादा (रजि.) यांनी आपल्या सुनेला सांगितले. तिने त्यांच्या वजूसाठी पाणी ओतले होते. मांजर आले, तेव्हा त्यांनी भांडे कलते केले आणि त्याला पिऊ दिले. सून आश्चर्याने बघू लागली, म्हणून त्यांनी ही गोष्ट सांगितली. अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना तर हे नावच मांजराच्या पिल्लावरून पडले.

हे सगळे खरे आहे. पण आम्ही त्याचा वापर चुकीच्या ठिकाणी केला. मांजर पाक आहे म्हणजे त्याने पाण्याला तोंड लावले, कपड्याला अंग घासले तर ते नापाक होत नाही. प्रत्येकाच्या फुफ्फुसाला ते सोसेल, असा त्याचा अर्थ नाही. दूध हलाल आहे, तरी ते प्रत्येकाला पचत नाही. शेंगदाणा हलाल आहे, तरी एखाद्या मुलाचा गळा त्याने सुजतो. एका सुनेची शंका दूर करणारी हदीस आम्ही दुसऱ्या सुनेचे तोंड बंद करायला वापरली, याची आज लाज वाटते.

शिंक कशाने येते

दोष मांजराच्या केसांचा नसतो. मांजराची लाळ आणि कातडीतल्या तैलग्रंथी यांत एक प्रथिन असते, त्याला डॉक्टर 'फेल डी वन' म्हणतात. मांजर दिवसभर स्वतःला चाटते, लाळ केसांवर वाळते, तिचे आणि कातडीच्या कोंड्याचे बारीक कण हवेत उडतात. हे कण इतके हलके असतात की तासन्‌तास तरंगत राहतात आणि गादी, पडदे, गालिचा, लोकरीचे कपडे यांना चिकटतात. ज्याच्या शरीराला हे प्रथिन शत्रू वाटते, त्याला शिंका, खाज आणि काहींना दम लागतो. लांब केसांचे पर्शियन असो की गल्लीतले ठिपकेदार, हे प्रथिन मांजराच्या प्रत्येक जातीत असते. 'या जातीची अॅलर्जी होत नाही' असे सांगून कुणी महागडे पिल्लू विकत असेल तर विश्वास ठेवू नये.

पण लगेच मांजरावर खापर फोडणेही बरोबर नाही. पावसाळ्यानंतर मोकळ्या जागांवर माजणारे गाजर गवत, गॅलरीतली कबुतरे, झुरळे, आणि कापसाच्या जुन्या गाद्यांतले डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे, या सगळ्यांनी असाच त्रास होतो. म्हणून आधी तपासणी. आम्ही सुनेला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. हातावर थेंब टाकून बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत कुठे गांधी उठते ते बघतात. या तपासणीआधी सर्दीच्या काही गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. टोचायचे नसेल तर रक्ताचीही तपासणी होते. सुनेच्या हातावर दोन गांधी उठल्या, मांजराची मोठी आणि धुळीच्या किड्यांची लहान. घरी परतताना रिक्षात ती रडली. आम्हाला वाटले घाबरली. ती म्हणाली, "आता तरी कळलं, मी नाटक करत नव्हते."

घराची वाटणी

डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा, गोळी आणि घरासाठी नियम दिले. ते असे पाळले:

सुनेच्या खोलीत चांदनीला कायमची बंदी. दार दिवसाही बंद. माणूस झोपेत सात-आठ तास एकाच खोलीतली हवा घेतो, म्हणून ही एक खोली वाचली तरी पुष्कळ फरक पडतो. गालिचा आणि जड पडदे काढले. कापसाची गादी बदलून तिला बंद खोळ घातली, चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात. झाडूने कण उडतात, म्हणून ओल्या फडक्याने फरशी पुसणे. सुनेची जानमाज आणि नमाजची ओढणी कपाटात. चांदनीला विंचरणे आणि वाळूचा ट्रे साफ करणे हे मुलाचे काम, तेही गॅलरीत. मांजराला हात लावल्यावर डोळे न चोळता आधी हात धुणे. मांजराला आंघोळ घातल्याने कण कमी होतात, पण थोड्याच दिवसांत पुन्हा तितकेच होतात, म्हणून त्यावर विसंबलो नाही.

रमजानमध्ये प्रश्न आला औषधांचा. डॉक्टरांनी गोळीची वेळ इफ्तारनंतर लावून दिली. रोजात फवारा आणि पंप चालतो का, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. आपापल्या इमामांना विचारावे. पण दम लागला असताना पंप नाकारून बसू नये. आजारी माणसाने रोजा नंतर पूर्ण करावा, ही सवलत सूरह अल-बकरामध्ये स्पष्ट दिली आहे.

तरीही

सहा महिने बरे गेले. शिंका निम्म्याहून कमी झाल्या. मग डिसेंबर आला. नाशिकच्या थंडीत खिडक्या बंद झाल्या, रजया निघाल्या आणि चांदनी उबेसाठी रात्री सुनेच्या दारावर नखे घासू लागली. एका रात्री सुनेच्या छातीत शिट्टी वाजू लागली, एक वाक्य पूर्ण बोलता येईना. अशा वेळी सकाळची वाट बघायची नसते, थेट दवाखाना गाठायचा. आम्ही गाठला. डॉक्टरांनी सांगितले, नाकाचा त्रास आता दम्यापर्यंत आला आहे. मांजर आणि ही मुलगी एका छताखाली नकोत.

आता प्रश्न दादींचा होता. कुणीतरी सुचवले, गोणीत घालून मंडईत सोडून या. दादींनी त्याला दारातूनच परत पाठवले. मांजराला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईला काय शिक्षा झाली, ते बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. शिवाय पाळलेले जनावर उपाशी मरेल असे सोडून देणे हा 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. दोन दिवस दादी जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "देवळालीला पाठवा." देवळाली कॅम्पला आमची बहीण राहते, घराला अंगण आहे. चांदनी टोपलीतून गेली, तिची वाटी आणि जुनी ओढणीही बरोबर गेली.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. मांजर गेल्यावर दुसऱ्या दिवशी बरे वाटत नाही. भिंती, गाद्या, पडदे यांतले कण ओसरायला चार-सहा महिने लागतात, कधी जास्तही. महिन्याभरात फरक दिसला नाही म्हणून 'मांजराचा दोष नव्हताच' असे म्हणू नये. आमच्याकडे मार्च उलटल्यावर सुनेचा पंप कमी झाला.

सगळ्यांना मांजर सोडावे लागते असे नाही. नुसत्या शिंका असतील तर बंद खोली, स्वच्छता आणि औषध यांवर पुष्कळ घरे निभावतात. दमा असेल तर डॉक्टरांचे ऐकावे, आणि मांजराला चांगले घर शोधून देण्यात गुन्हा मानू नये. आणि पाळण्याआधीच विचार करावा, घरात कुणाला दमा आहे का, लवकरच नवी सून यायची आहे का. तिलाही विचारावे. घर तिचेही आहे.

दादी दर रविवारी देवळालीला जातात. चांदनीला मांडीवर घेतात, हाताने मासा भरवतात. संध्याकाळी परत आल्या की आधी न्हाणीघरात जाऊन हातपाय धुतात, कपडे बदलतात, उतरवलेले कपडे वेगळ्या बादलीत टाकतात आणि मगच सुनेला हाक मारतात. हे त्यांना कुणी सांगितलेले नाही.