‘हे परीक्षेस आहे काय?’

वर्गात एखादा नवा विषय निघाला की पाठीमागून प्रश्न येतो, “हे परीक्षेस आहे काय?” गुणांवर पुढील शिक्षण व नोकरी अवलंबून असते, हे आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे. परंतु जे परीक्षेस नाही ते निरुपयोगी, ही समजूत विद्येस मारक आहे, असे आमचे मत आहे. त्यासाठी आम्ही आकाशातील एका तेजोमेघाची साक्ष काढतो.

वृषभ राशीत, बैलाच्या शिंगाच्या टोकाजवळ, ‘क्रॅब’ नावाचा तेजोमेघ आहे. क्रॅब म्हणजे खेकडा. आमच्या कोकणी घरांतील कुर्ली. इ. स. १०५४ मध्ये चिनी ज्योतिषांनी तेथे एक तारा भरदिवसा झळकताना पाहिला. तो मरणाऱ्या ताऱ्याचा स्फोट होता. या मेघातून क्ष-किरण निघतात आणि ते विस्तृत भागातून येतात, असे १९६४ साली अग्निबाणातील उपकरणांनी दाखविले. पण असे किरण देणारे विद्युत्कण थोड्याच वर्षांत आपली शक्ती गमावतात. मग नऊशे वर्षांनंतरही हा दिवा तेवतो कसा? त्यात कोणी तरी सतत तेल घालीत असले पाहिजे!

ते तेल घालणारा १९६८ साली सापडला. मेघाच्या मध्यभागी सेकंदास सुमारे तीस गिरक्या घेणारा एक स्पंदक, म्हणजे पल्सार, आहे. व्यास जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. वस्तुमान मात्र सूर्याहून अधिक. त्याची गती हळूहळू मंदावते आणि त्यात जी शक्ती खर्ची पडते तीच मेघास उजळते.

क्ष-किरणांस पृथ्वीचे वातावरण अडविते. म्हणून उपकरण उंच न्यावे लागते. त्याच १९६८ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आपल्या या हैदराबादेहून अजस्र फुगा सोडून वृश्चिक राशीतील क्ष-किरणांच्या उगमाचा वेध घेतला. फुग्यास काही तासांचेच आयुष्य. पुढे २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या उभारणीत हीच संस्था, पुण्याची आयुका व इतर संस्था होत्या. त्यावरील एका उपकरणाने अठरा महिन्यांत २१ वेळा क्रॅबचे निरीक्षण करून त्याच्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण, म्हणजे कंपनांची दिशा, मोजले. स्पंदकाच्या ठोक्यांमधील अवकाशातही हे ध्रुवीकरण बदलते, असे आढळले. प्रचलित उपपत्तींशी हे सहज जुळेना. तरी जे दिसले तेच शास्त्रज्ञांनी २०१७ साली जगापुढे मांडले.

फुग्यापासून उपग्रहापर्यंत जवळजवळ अर्धशतक लोटले. पहिला फुगा सोडणाऱ्यांनी ‘याचे गुण किती?’ असे विचारले असते, तर दुसरा फुगा सुटलाच नसता. विद्यार्थ्यांनी परीक्षेचा अभ्यास अवश्य करावा. परंतु दररोज एक तरी प्रश्न असा विचारावा, ज्यास गुण नाहीत. आणि तो ऐकून घेण्यास आम्ही शिक्षकांनी तासातील पाच मिनिटे राखून ठेवावीत.